चार रुमालांचं पानिपत

बाजीप्रभू अजून पन्हाळ्यावरून खालीसुद्धा उतरले नव्हते, आणि काकांनी चष्मा काढला.

माझ्या लेकीनं शेजारच्या पोराला कोपरानं ढोसलं. चष्मा निघाला की पाच मिनिटांच्या आत पहिला रुमाल येतो, हा आमच्या इतिहासवर्गाचा अनुभव. त्याआधी काका तीनदा ‘तर मुलांनो’ म्हणतात, एकदा छताच्या पंख्याकडे बघतात आणि खाकरतात. खाकरणं म्हणजे शेवटची सूचना. त्यानंतर पैज लावता येत नाही. त्या दिवशी पैजेवर नऊ चिक्क्या लागल्या होत्या, आणि घोडखिंड यायच्या आत दोन रुमाल ओले झाले.

हे गृहस्थ तुमच्या ओळखीचे आहेत. नाही म्हणू नका. झेंडावंदनाला राष्ट्रगीत सुरू व्हायच्या आधीच ज्यांच्या नाकाचा शेंडा लाल होतो, शाहिरानं डफावर पहिली थाप मारली की ज्यांच्या ‘डोळ्यात काहीतरी जातं’, आणि शिवनेरीच्या पायऱ्यांवर जे दमून थांबलेत की गहिवरून, हे घरच्यांनाही सांगता येत नाही, तेच हे. तुम्हाला ते लग्नामुंजीत भेटतात, म्हणून तुम्हाला त्यांचं कौतुक वाटतं. आम्हाला ते आठवड्यातून दोनदा भेटतात. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी अकरा वाजता, बंगळुरात सरजापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसात ते बारा मुलांना भारताचा इतिहास शिकवतात.

चूक माझीच. आमची मुलगी शाळेत जात नाही. तिला आम्ही घरीच शिकवतो. अशी डझनभर घरं आमच्या आसपास आहेत. सकाळी अकराला मुलं सायकली घेऊन खाली आली की गेटवरचा वॉचमन अजूनही विचारतो, “इवत्तु स्कूल इल्वा?” आज शाळा नाही का? तीन वर्षं झाली, रोज विचारतो. मूल चौदा वर्षांचं झालं की एनआयओएस या मुक्त शाळा मंडळाच्या दहावीला बसवता येतं. तोवर काय शिकवायचं ते आपण ठरवायचं, ही या प्रकारातली मोठी सोय आणि तेवढीच मोठी पंचाईत. विषय आम्ही पालकांनी वाटून घेतले. गणित एका तामिळ बाबांनी घेतलं. कुंभारकाम तीन आयांनी मागितलं. बंगळुरात मुलांना घरी शिकवणाऱ्या तीन बायका एकत्र आल्या की त्यांतली एक भट्टी शोधतच असते. कोडिंग सगळ्यांनाच हवं होतं. इतिहास कोणीच घेईना.

आणि त्याच आठवड्यात लिफ्टजवळच्या बाकावर एका म्हाताऱ्या गृहस्थांनी माझ्या लेकीला विचारलं, “तू राहतेस ते गाव कोणाची जहागीर होतं, ठाऊक आहे का?” १६३८ साली रणदुल्लाखान आणि शहाजीराजांनी हे गाव केंपेगौडाच्या वंशजाकडून घेतलं, ते शहाजीराजांना जहागीर मिळालं, जिजाऊ आणि लहानगे शिवाजीराजे इथे काही काळ राहून गेले. शहाजीराजांच्या पदरी जयराम पिंड्ये नावाचा कवी होता, त्याला बारा भाषा येत. “म्हणजे बंगळूर तेव्हाही असंच होतं बघ,” काका म्हणाले, आणि सरजापूर रोडवरच्या तुंबलेल्या गाड्यांकडे असं काही पाहिलं, की त्या शहाजीराजांच्याच लवाजम्यातल्या असाव्यात. मग त्यांनी खिशातून रुमाल काढला. मला वाटलं, धूळ गेली असेल. मी त्यांना तिथल्या तिथे इतिहास देऊन टाकला.

काका खटाव तालुक्यातले. नोकरी बँकेत, त्यातली अकरा वर्षं शेतीकर्जाच्या वसुलीवर. मुलगा इथे सॉफ्टवेअरमध्ये, म्हणून म्हातारपणी बंगळूर. नातू आठव्या मजल्यावर राहतो, पण तो बड्या शाळेत जातो आणि त्याला या सत्रात इजिप्तचे पिरॅमिड आहेत. फी काका घेत नाहीत. फक्त एक अट घातली होती: “मध्ये मी थोडा थांबलो, तर मुलांनी खिडकीबाहेर बघायचं.”

मुलांनी खिडकीबाहेर बघितलं नाही. त्यांनी वही घातली.

वहीत रकाने होते: तारीख, धडा, अंदाज, प्रत्यक्ष, शेरा. खजिनदार माझी लेक. प्रत्येकानं तास सुरू व्हायच्या आधी रुमालांचा आकडा सांगायचा आणि एक चिक्की लावायची. ज्याचा आकडा बरोबर येईल त्याला सगळ्या. कोडगूचा एक पोरगा दर वेळी शून्य सांगायचा. तत्त्व म्हणून. चौदा महिने तो जवळजवळ दर तासाला एक चिक्की हरत होता, आणि त्याचे आईबाबा समजत होते की मुलाला गोडाची आवड नाही.

आता रुमालांविषयी. हे मोठे, चौकटीचे, काकूंनी इस्त्री करून आठ घड्या घातलेले जुन्या पद्धतीचे रुमाल. पहिला उजव्या खिशात, दुसरा डाव्या, तिसरा सदऱ्याच्या वरच्या खिशात पेनाच्या मागे. चौथा लागलाच तर काकू लिफ्टनं खाली आणून देतात. त्या आत येत नाहीत. दारातून हात तेवढा आत येतो. आमच्या सोसायटीत बाल्कनीत कपडे वाळत घालायला बंदी आहे, तीनदा नोटीस लागली आहे. पण मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी आठव्या मजल्याच्या कठड्यावर किती चौकोन लोंबताहेत ते बघून खालच्या बाया ओळखतात. “आज तीन. कोण गेलं?”

कारण काकांचा इतिहास सनावळीनं चालतच नाही, पुण्यतिथ्यांनी चालतो. नऊ सप्टेंबर म्हणजे वडूज. १९४२ साली तिथे कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला. ते काकांच्या तालुक्याचं ठिकाण, तेव्हा दोन रुमाल ठरलेले. बारा डिसेंबर म्हणजे बाबू गेनू. १९३० साली मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवा झालेला गिरणी कामगार. दोनच रुमाल, पण त्या दिवशी खादीचे. काका या बाबतीत फार काटेकोर. तेवीस मार्च म्हणजे लाहोरची फाशी. तिथे मुलं दर वेळी फसतात. भगतसिंगांपाशी पहिला रुमाल येईल असं त्यांना वाटतं, आणि काका त्याच्या पुष्कळ आधीच, ‘राजगुरू खेडचे’ एवढ्या दोन शब्दांवर कोसळतात.

पण खरा हंगाम संक्रांत. १४ जानेवारी १७६१. पानिपत चार रुमालांचं, आणि ते त्याच दिवशी, त्याच वेळी शिकवायचं. पहिल्या वर्षी तास असा रंगला, की विशीही न गाठलेला विश्वासराव पडला तेव्हा क्लबहाउसात कोणी श्वास घेत नव्हतं. भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले. काकूंचा हात दारातून आत आला. नेमक्या त्याच वेळी दुसऱ्या मजल्यावरच्या कन्नड बाई रेशमी साडी नेसून, ताटात एळ्ळु-बेल्ल, म्हणजे इकडचा तीळगूळ, घेऊन मुलांना वाटायला आल्या. बारा मुलं डोकी खाली घालून बसलेली आणि एक म्हातारा हमसून रडतोय, एवढं त्यांनी दारातून पाहिलं. ताट तसंच घेऊन त्या मागे फिरल्या. अर्ध्या तासानं साधी साडी नेसून, हात जोडून परत आल्या आणि काकूंच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी विचारलं, “कोण होते?”

काकू म्हणाल्या, “पेशव्यांच्या घरातले.”

त्या बाईंनी काकांची तीन दिवस फार विचारपूस केली. जेवण पाठवलं.

माझं काय चुकतंय ते तुमच्या लक्षात आलंच असेल. चौदा महिन्यांत आमच्या मुलांना पानिपताच्या कोणत्या बाजूला ऊन होतं ते ठाऊक होतं, आणि १८५७ चं नावही माहीत नव्हतं. बहादूरशहाची पुण्यतिथी काकांना पाठ नसावी. पालकांच्या ग्रुपवर कुरबुर सुरू झाली. एका आईनं लिहिलं, तासाला रडणं जरा जास्त होतंय का? दुसरीनं मुलांसाठी भावना हाताळायला शिकवणारी दोन दिवसांची कार्यशाळा सुचवली, साडेचार हजार रुपये, दुपारचं जेवण धरून. मुलांनी एकमतानं काकांचं नाव पाठवलं.

मला मात्र रडण्यापेक्षा दुसऱ्याच एका गोष्टीचा त्रास होत होता. काकांचं ‘आपण’.

“आपण १७५८ ला अटकेपर्यंत गेलो.” “आपण तेव्हा दिल्लीत होतो.” “मग आपण सुरतेला गेलो.” समोर एक तामिळ, दोन मल्याळी, एक कोडव, तीन कन्नड, एक बंगाली, एक पंजाबी आणि आम्ही तीन मराठी घरं. सगळी मुलं माना डोलवत अटकेपर्यंत जाऊन येत. मुलांचं एक बरं असतं, गोष्टीत घोडा असला की ती घोड्यावर बसतात. पण अधूनमधून कोणीतरी घसरायचं. के. आर. मार्केटजवळच्या जुन्या किल्ल्यात आम्ही सगळ्यांना नेलं. २१ मार्च १७९१ ला इंग्रज जिथून आत घुसले तिथे भिंतीत पाटी आहे. काकांचा हात सवयीनं खिशाकडे गेला. तेवढ्यात पंजाबी पोरीनं विचारलं, “इस लड़ाई में हम किसकी साइड थे?” काकांनी मान खाजवली. त्या युद्धात निजाम आणि मराठे, दोघेही टिपूविरुद्ध इंग्रजांच्या बाजूला होते. रुमाल अर्धा बाहेर आला होता. तो त्यांनी परत आत सारला आणि म्हणाले, “चला, उन्हं फार झाली.” वहीत त्या दिवशी ‘पाव’ अशी नोंद आहे, आणि तिच्यावरून बरंच भांडण झालं.

त्याआधीच्या ऑक्टोबरात कित्तूरची चेन्नम्मा झाली होती. १८२४ साली इंग्रजांशी लढलेली राणी. थॅकरे नावाचा कलेक्टर त्या लढाईत मारला गेला. काकांनी धडा चांगला शिकवला. नीट, स्पष्ट, बँकेचं परिपत्रक वाचावं तसा. शेवटी म्हणाले, “फार शूर होती हो.” चष्मा नाकावर जागच्या जागी. एका कन्नड पोरानं दहा मिनिटं वाट पाहिली आणि मग विचारलं, “ताता, चेन्नम्मासाठी एकही नाही?” ताता म्हणजे आजोबा. काकांना काही सुचेना. पुढच्या मंगळवारी त्यांनी उजळणीच्या नावाखाली भरपाई म्हणून थोडा प्रयत्न केला, पण पोरांनी तो बाद ठरवला. रुमाल कोरडा होता. खजिनदारानं हात लावून पाहिला.

वसुली हा काकांचा दुसरा आवडता विषय, आणि तिथे ते अजिबात रडत नसत. “चौथाई म्हणजे काय? महसुलाचा चौथा हिस्सा आम्हाला द्या, म्हणजे आम्ही त्रास देणार नाही.” कोडगूचा पोरगा म्हणाला, म्हणजे हप्ता. “वसुली म्हण,” काका म्हणाले. “वसुली काही वाईट शब्द नाही. मी अकरा वर्षं केली.” आणि मग जीपची गोष्ट. माण तालुक्यात त्यांची जीप वेशीतून आत शिरली, की बाया रडत्या पोरांना म्हणायच्या, “गप, बँकवाला आला!” पोरं गप. इथे काका जीपचा हॉर्न वाजवून दाखवायचे, स्टिअरिंग फिरवायचे, आणि मुलं हसून लोळायची. ही गोष्ट मी निदान सहा वेळा ऐकली आहे. वसुलीत पहिला नंबर आल्याचं प्रशस्तिपत्र त्यांच्या दिवाणखान्यात लावलेलं आहे, महाराजांच्या तसबिरीच्या थोडं खाली.

बारगीर आणि शिलेदार हेही तेव्हाच शिकवून झालं. बारगिराला घोडा सरकारातून मिळतो, शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन येतो. सरजापूर रोडवरच्या मुलांना हे एका वाक्यात कळलं: बारगीर कंपनीच्या कॅबनं जातो, शिलेदार स्वतःच्या गाडीनं, आणि सिल्क बोर्डच्या सिग्नलला दोघेही सारखेच अडकतात.

आणि मग ऑगस्टातला तो शुक्रवार. बाहेर पाऊस. धडा होता भास्करराम कोल्हटकर. नागपूरकर रघूजी भोसल्यांचा हा कारभारी १७४२ साली फौज घेऊन बंगालात उतरला. १७४४ ला अलिवर्दीखानानं त्याला मानकरा इथे बोलणी करायला तंबूत बोलावलं आणि बरोबरच्या सरदारांसकट दगा करून मारलं. तंबू, पाहुणचार, दगा. दोन रुमाल पक्के. मुलांनी दोनवर अकरा चिक्क्या लावल्या. कोडगूच्या पोरानं नेहमीप्रमाणे शून्य.

“तर मुलांनो, आपले बारगीर बंगालात शिरले,” काका म्हणाले. दुसरं ‘तर मुलांनो’ झालं. पंखा झाला.

बंगाली पोरगी नऊ वर्षांची. ती फारशी बोलत नाही. तिनं हात वर केला. “बारगीर म्हणजे बर्गी?”

काकांना तो शब्द ठाऊक होता. पुस्तकात वाचलेला. “हो, तिकडे तसं म्हणतात.”

“माझी दिदा मला झोपवताना बर्गीचं गाणं म्हणते,” ती म्हणाली. आणि कोणी सांगितलं नसताना तिनं ते गुणगुणून दाखवलं. दोनच ओळी. बंगालात अर्ध्या लोकांना येते अशी ती जुनी अंगाई. त्यात बर्गी येतात आणि सारा कशानं भरायचा याची धास्ती असते. तिनं अर्थ सांगितला, अगदी सहज, बाकीच्यांना कळावं म्हणून. मग तिला खरोखरच एक शंका आली.

“काका, बर्गी आले तेव्हा आपण घोड्यावर होतो की घरात?”

काकांनी चष्मा काढला. पुसला. परत लावला. हात उजव्या खिशात गेला आणि तसाच रिकामा बाहेर आला. अकरा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती.

“आज इथंच थांबू,” ते म्हणाले.

कोडगूचा पोरगा एका झटक्यात बारा चिक्क्या जिंकला. त्यालाही आनंद कसा दाखवावा ते कळेना.

मंगळवारी काका आले नाहीत. शुक्रवारीही नाहीत. मी वर गेले तर काकू म्हणाल्या, “पोट बिघडलंय म्हणतात. तसं काही नाही गं, भाकरी नेहमीइतकीच खातात.” काका आतल्या खोलीत पुस्तकात डोकं घालून बसले होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, “ताई, त्या पोरीची आजी हिंदी बोलते का हो?”

बोलत होत्या. म्हणजे दोघंही बोलत होते. काकांचं हिंदी खटावचं आणि दिदांचं बर्धमानचं, त्यामुळे मधे मला बसवलं. लिफ्टजवळच्या त्याच बाकावर. काकांनी आधी इकडचं तिकडचं विचारलं, गुडघे, मधुमेह, जावई. मग बर्गींवर आले. दिदा म्हणाल्या, आमच्याकडे त्यावर जुनं काव्यच आहे, गंगाराम कवीचं, ‘महाराष्ट्र पुराण’.

“महाराष्ट्र पुराण!” काका उजळले. मला म्हणाले, “बघा ताई! बंगाल्यांनी आपल्यावर पुराण लिहिलं!”

मग दिदांनी त्यात काय आहे ते सांगितलं. जाळलेली गावं, पोथ्या डोक्यावर घेऊन पळणारे पंडित, पळणाऱ्या बायका. पुढचं त्यांनी आवाज खाली आणून सांगितलं, आणि मी त्याचं भाषांतर केलं नाही. काकांना ते कळलं होतं. कलकत्त्याच्या लोकांनी भीतीनं शहराभोवती खंदक खणायला घेतला होता, त्याला मराठा डिचच म्हणत, हेही त्यांनी सांगितलं.

“खणायला घेतला म्हणजे? पुरा नाही केला?”

“बर्गी उतना दूर आया ही नहीं,” दिदा म्हणाल्या. “बाद में भर दिया. ऊपर रास्ता बन गया.”

काका बराच वेळ गप्प. कामं अर्धवट सोडलेली त्यांना आवडत नाहीत. पण त्या वेळी ते त्याबद्दल काही बोलले नाहीत. दिदांनाच त्यांची दया आली असावी. “अरे दादा,” त्या म्हणाल्या, “बच्चे को सुलाने का गाना है. आप थोड़े ही आए थे.”

काका काहीच बोलले नाहीत. मला एकदम जीपचा हॉर्न आठवला. त्यांनाही आठवला असावा, पण हे मी नुसतं म्हणते.

पुढच्या शुक्रवारी तोच धडा त्यांनी परत घेतला. मागच्या खुर्चीत दिदा बसलेल्या. तो तास मी विसरणार नाही, कारण काकांच्या वाक्यांना कर्ताच सापडेना. “मग आपण... म्हणजे मराठ्यांनी... म्हणजे नागपूरकरांच्या फौजेनं... म्हणजे गावात जे होते ते आपण...” बारा मुलं वहीत बाण काढत होती आणि खोडत होती. भास्कररामाचा दगा त्यांनी दोन मिनिटांत संपवला. १७५१ चा तह, ओरिसा आणि बंगालची वर्षाला बारा लाख चौथाई, हे सांगताना आवाज इतका खाली गेला, की मागून दिदा म्हणाल्या, “दादा, जोर से.”

तेव्हापासून काका बिघडलेच. ऑक्टोबरात चेन्नम्मा परत आली आणि बैलहोंगलच्या किल्ल्यात कैदेत टाकलेल्या राणीपर्यंत पोचायच्या आत चष्मा निघाला. कन्नड पोरानं स्वतः उठून रुमाल तपासला. ओला होता. त्यानं वहीवर अंगठा उमटवला. महिनाभरानं शृंगेरी आलं: १७९१ साली परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेतल्या लोकांनी मठ लुटला आणि मठाच्या मदतीला धावला टिपू सुलतान. मराठी माणसाला उभं राहायला या वाक्यात जागाच नाही. काकांनी ते उभ्यानंच एका दमात वाचलं आणि मग बसले. पालकांच्या ग्रुपवर आता नवी तक्रार आहे: पूर्वी काका एकाच बाजूनं रडायचे, तेव्हा निदान तास वेळेवर संपायचा.

काकू एकदा भाजी निवडताना सहज म्हणाल्या, “हल्ली ती जीपची गोष्ट सांगत नाहीत बघ.” आणि परत गवारीच्या शिरा काढायला लागल्या. प्रशस्तिपत्र भिंतीवर आहे अजून. खिळा आहे म्हणून असेल.

वही सापडली ती ३१ मार्चला. बँकेतल्या माणसाच्या हाती हिशेबाची वही सापडायला याहून वाईट तारीख नाही. माझ्या वेंधळ्या लेकीनं ती टेबलावर उघडी टाकलेली, आणि काका दहा मिनिटं लवकर आलेले. मुलं दारात आली तेव्हा ते खुर्चीत बसून पानं उलटत होते. तारीख, धडा, अंदाज, प्रत्यक्ष, शेरा. मुलांच्या तोंडचं पाणी पळालं. पंजाबी पोरगी रडायच्या बेतात.

काकांनी सदऱ्याच्या खिशातून, तिसऱ्या रुमालाच्या पुढचं पेन काढलं. लाल. पहिल्या पानापासून बोट फिरवत बेरजा तपासल्या. चौथ्या पानावर थांबले. “खजिनदार कोण?” लेक पुढे झाली. “इथं हातचा एक सोडलायस. त्रेपन्न नव्हे, त्रेसष्ट.” त्यांनी दुरुस्त केलं, शेजारी बारीक सही केली. किल्ल्याच्या ‘पाव’वर भुवई वर गेली, पण त्यांनी तो तसाच राहू दिला.

मग ऑगस्टातलं पान आलं. धडा: बर्गी. प्रत्यक्ष: शून्य. शेरा: काका बोललेच नाहीत.

त्या ओळीवर ते जरा जास्त वेळ थांबले. शून्यावर आडवी रेघ मारली, वर ‘१’ लिहिलं, आणि कंसात: ‘घरी’. खाली सही, तारीख. बेरीज चौसष्ट.

“वसूल करा,” त्यांनी वही मिटून खजिनदाराच्या हातात दिली.

कोडगूच्या पोराला बारा चिक्क्या परत मागितल्या गेल्या. त्यानं त्या सात महिन्यांपूर्वीच खाल्ल्या होत्या.